वहीतली १६१ नावं

माळ्यावरचं खोकं यंदा खाली काढलं ते उंदरांच्या भीतीने. आत आमच्या सीडी होत्या. २००३ साली आम्ही दोघांनी, म्हणजे मी आणि ड्रम वाजवणारा माझा मित्र, एक अल्बम केला होता. आठ गाणी, कव्हरवर एक धूसर फोटो (धूसर मुद्दाम नव्हता, फोकस चुकला होता) आणि पाचशे प्रती. पाचशे अशासाठी, की त्याहून कमी काढायला कारखानावाला तयार नव्हता. त्यातल्या २७३ अजून शिल्लक आहेत. मोजल्या मी. सीडींच्या तळाशी एक शंभरपानी वही निघाली आणि त्या दिवशीचं आवरणं तिथेच थांबलं.

सीडी विकत घेणाऱ्या प्रत्येकाचं नाव त्या वहीत आहे. कार्यक्रम संपला की मित्र ड्रम आवरायचा आणि मी दाराशी टेबल मांडून बसायचो. नाव, पत्ता, असलाच तर ईमेल. एकूण १६१ नावं. काहींपुढे माझ्या अक्षरात खुणा आहेत: ‘उंच’, ‘दोन घेतल्या’, ‘सुटे नंतर देतो म्हणाला’. ते सुटे काही आले नाहीत. एका नावापुढे नुसतं ‘तिसरं गाणं’ असं लिहिलंय. कशासाठी लिहिलं असेल, ते आता आठवत नाही.

आज आमची तीच गाणी, शिवाय नंतर केलेली सहा, जगातल्या झाडून सगळ्या स्ट्रीमिंग सेवांवर आहेत. ‘दीडशेहून अधिक’ असं डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे गाणी या सेवांकडे धाडणाऱ्या कंपनीच्या पानावर लिहिलेलं असतं, त्यातल्या दहाएकांची नावं मला ठाऊक आहेत. गेल्या महिन्यात आमची गाणी २१४ जणांनी ऐकली. म्हणजे सगळ्या वहीत मिळून जेवढी माणसं आहेत, त्याहून जास्त एका महिन्यात. त्यातल्या एकाचंही नाव मला सांगता येणार नाही.

तेव्हा गाणं दुकानात जायचं तर मध्ये वितरक लागायचा. एका वितरकाकडे आम्ही गेलो होतो. त्याने सीडी हातात घेतली, पुढचं कव्हर बघितलंही नाही, उलटी केली आणि विचारलं, “बारकोड कुठंय?” बारकोड असतो हेच आम्हाला माहीत नव्हतं. मग त्याने उपकार केल्यासारख्या वीस प्रती ठेवून घेतल्या. विकल्या गेल्या तर पैसे, नाहीतर माल परत. पैसे आले नाहीत आणि मालही परत आला नाही. आम्हीही दोनदा फोन करून सोडून दिलं. तिसऱ्यांदा करायला लाज वाटली, आणि ती लाज आपल्याला का वाटावी, हा प्रश्न तेव्हा पडला नाही.

हे दुखणं आमचं एकट्याचं नव्हतं, हे नंतर कळलं. आमच्या पाच वर्षं आधी, १९९८ च्या सुमाराला, डेरेक सिव्हर्स नावाचा एक अमेरिकन संगीतकार स्वतःची सीडी विकायला निघाला आणि याच भिंतीवर आपटला. मोठे वितरक रेकॉर्ड कंपनीशिवाय दारात उभे करत नाहीत म्हटल्यावर त्याने आपल्याच वेबसाइटवर विक्रीची सोय केली. ओळखीचे वादक म्हणाले, आमचीही ठेव. त्यातून ‘सीडी बेबी’ हे दुकान उभं राहिलं. हिशेब साधा होता: नवी सीडी दुकानात लावायचे ३५ डॉलर आणि विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे ४ डॉलर. मला त्या दुकानापेक्षा त्याच्या अटी जास्त आवडतात. संगीतकार म्हणून वितरकाकडून आपल्याला काय हवं, याची त्याने चार कलमी यादी केली होती. पैसे दर आठवड्याला मिळावेत. सीडी घेणाऱ्या प्रत्येकाचं पूर्ण नाव आणि पत्ता मला कळावा. खप कमी आहे म्हणून मला बाहेर काढू नये. आणि पैसे देऊन कुणालाही दर्शनी जागा मिळू नये.

ही यादी मी आमच्या वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतली आहे. पंचवीसेक वर्षांनंतर तिच्यातलं काय उरलं, ते एकेक ताडून बघण्यात एक वेगळीच करमणूक आहे. खप कमी म्हणून बाहेर काढणं थांबलं, हे खरं. आमचं एक गाणं वर्षात अकरा वेळा वाजलं, तरी ते तिथेच आहे, अब्जावधी वेळा वाजलेल्या गाण्याच्या शेजारी, तेवढ्याच मापाच्या चौकोनात. त्या वितरकाच्या टेबलापुढे उभं राहिलेल्या माणसाला याचं अप्रूप किती, ते नव्या पोरांना सांगून कळायचं नाही. दर्शनी जागेचं तेवढं सरळ नाही, त्याकडे येतोच. आणि दुसरं कलम, नाव आणि पत्ता, ते बघता बघता यादीतून गळून पडलं. सिव्हर्सने २००८ मध्ये २.२ कोटी डॉलरला धंदा विकला. पुढे २०२० मध्ये सीडी बेबीने ऑनलाइन दुकान बंद केलं आणि गाणी स्ट्रीमिंग सेवांकडे धाडण्याचं काम चालू ठेवलं. म्हणजे गिऱ्हाईक ज्या खिडकीतून दिसायचं ती खिडकी बुजवली आणि मागचं गोदाम तेवढं चालू राहिलं. यात कुणाचा दुष्टावा नाही. सीडी घेणारंच कुणी उरलं नव्हतं.

गाणं इंटरनेटवर ठेवून द्यावं ही कल्पना मात्र याच्याही आधीची. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियात सांताक्रूझच्या विद्यापीठातल्या तीन विद्यार्थ्यांनी ‘इंटरनेट अंडरग्राउंड म्युझिक आर्काइव्ह’ सुरू केलं, तेही रेकॉर्ड कंपनीचा करार नसलेल्या बँडांसाठी. तेव्हा ‘एमपी३’ हे नावसुद्धा रुळलेलं नव्हतं. जर्मनीत फ्राउनहोफर संस्थेच्या लोकांनी फाइलच्या शेपटाला ते तीन अक्षरांचं नाव लावायचं ठरवलं १९९५ च्या जुलैमध्ये. नंतर १९९९ मध्ये लोकांना आपापसांत गाणी फुकट देऊ-घेऊ देणारं नॅप्स्टर आलं, खटले झाले, २००३ च्या एप्रिलमध्ये ॲपलने ९९ सेंटला एक गाणं विकायला काढलं. त्याच वर्षी आम्ही कारखान्यात पाचशे सीडी छापून घेत होतो. काळाची चाहूल लागणं म्हणतात ते आमच्या बाबतीत असं.

आता गाणं जगभर धाडायला एक फॉर्म भरावा लागतो. सोपा आहे, पण प्रत्येक रकाना एक छोटा वाद उकरून काढतो. आम्ही जुना अल्बम चढवायला बसलो ती रात्र मला चांगली आठवते. कव्हर तीन हजार बाय तीन हजार पिक्सेल हवं. आमचा तो धूसर फोटो ताणल्यावर धुकं वाटायला लागला, तेव्हा मित्र म्हणाला, “बरंय की, आता मुद्दाम केल्यासारखं दिसतंय.” प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा एक ‘आयएसआरसी’ क्रमांक मिळतो. गाणं कुठेही वाजलं तरी त्याचा हिशेब या क्रमांकाच्या खाती पडतो. बारकोडही मिळतो, फुकट, न मागता. त्या वितरकाला फोन करून सांगावंसं वाटलं.

मग गाण्याचं नाव. देवनागरीत दिलं तर बाकीच्या जगाला वाचता येत नाही आणि रोमन लिपीत दिलं तर दीर्घ ‘आ’ला एक ‘ए’ लावायचा की दोन, इथून सुरुवात. तीन गाण्यांत आम्ही तीन पद्धती वापरल्या. त्याची फळं अजून भोगतोय: शोधणाऱ्याला एक सापडतं, दोन सापडत नाहीत.

त्यानंतर शब्द कुणाचे, चाल कुणाची, कुणाचे किती टक्के. २००३ मध्ये हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. गाणी आमची होती, विषय संपला. पडद्यावर दोन रकाने आणि खाली ‘बेरीज १०० झाली पाहिजे’ ही सूचना दिसल्यावर खोलीत जी शांतता पसरली, ती आमच्या कुठल्याही गाण्यातल्या विरामापेक्षा लांब होती. ड्रम वाजवणाऱ्याने चाल बांधली असं म्हणायचं का? सातवं गाणं तर त्याच्या ठेक्यातूनच सुचलेलं. शेवटी निम्मे-निम्मे लिहिलं आणि मी चहा टाकायला उठलो.

या टक्क्यांचा खरा उपयोग कुठे होतो, तेही पुष्कळांना माहीत नसतं. आम्हालाही नव्हतं. एका गाण्यात दोन हक्क असतात: एक त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा, दुसरा शब्द आणि चालीचा. डिस्ट्रिब्युटर जे पैसे देतो ते सहसा पहिल्या हक्काचे. दुसऱ्याचे पैसे वेगळ्या वाटेने जमा होतात आणि त्यासाठी गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेकडे किंवा प्रकाशकाकडे वेगळी नोंद करावी लागते. केली नाही, तर ते पैसे कुणाच्याही नावावर न लागता पडून राहतात. आम्ही चार वर्षं केली नव्हती. रक्कम हळहळ वाटण्याजोगी नव्हती, हाच काय तो दिलासा.

रकमेचं बोलायचं तर एकदा नीटच बोलू. ‘एकदा गाणं वाजलं की किती मिळतात?’ असं मला नेहमी विचारतात. ठरलेला दर नसतो. बहुतेक मोठ्या सेवांत वर्गणी आणि जाहिरातींचे पैसे एकाच गल्ल्यात पडतात, त्यातला साधारण दोनतृतीयांश हिस्सा हक्कधारकांसाठी बाजूला निघतो आणि एकूण जेवढी गाणी वाजली त्यात आपली किती, त्या प्रमाणात वाटला जातो. म्हणजे एखादी बाई महिनाभर फक्त आमचीच गाणी ऐकत बसली, तरी तिची वर्गणी आमच्याकडे येत नाही. ती गल्ल्यात जाते, आणि गल्ल्यातला मोठा वाटा ज्यांची गाणी दिवसभर सगळीकडे वाजतात त्यांना जातो. साउंडक्लाउड या स्ट्रीमिंग सेवेने २०२१ मध्ये काही स्वतंत्र कलाकारांसाठी हे बदललं: ज्याने ज्याला ऐकलं, त्याची वर्गणी त्यालाच. बाकीच्यांचं अजून बहुतेक जुनंच चाललंय. त्या बाईची आणि माझी गाठ पडावी, निदान पैशाच्या रूपाने तरी, असं मला फार वाटतं.

शिवाय स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजल्याशिवाय ‘वाजलं’ असं धरत नाहीत. या नियमाची सगळ्यात सुंदर फजिती २०१४ मध्ये वुल्फपेक या अमेरिकन बँडने केली. त्यांनी दहा ‘गाण्यांचा’ अल्बम काढला, प्रत्येक तीस सेकंदांहून किंचित लांब आणि प्रत्येकात निव्वळ शांतता. चाहत्यांना सांगितलं, रात्री झोपताना हा लावून झोपा. स्पॉटिफायने काही आठवड्यांत तो काढून टाकला, पण तोवर सुमारे वीस हजार डॉलर जमले होते आणि त्यातून त्यांनी विनातिकीट कार्यक्रमांचा दौरा केला. मला हा किस्सा आवडतो, कारण यात यंत्राला फसवलंय आणि श्रोत्याला नाही. श्रोता कटात सामील होता.

आम्ही इतके हुशार नव्हतो. तीस सेकंदांच्या धाकाने आम्ही आमचंच गाणं कापलं. गाण्यांच्या सुरुवातीचे वाद्यांचे तुकडे आखडत चालल्याचं अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या एका संशोधकाने २०१७ मध्ये मोजून दाखवलं होतं: १९८० च्या दशकाच्या मध्याला लोकप्रिय गाण्यांत सरासरी वीस सेकंदांहून जास्त असलेली प्रस्तावना २०१५ पर्यंत पाचेक सेकंदांवर आली होती. हे वाचून मी आमच्या अल्बमकडे बघितलं. तिसऱ्या गाण्यात शब्द यायला अडतीस सेकंद लागत होते. आधी थोडी खुडबुड, मग कुणीतरी खोकतं, मग गिटार, मग ड्रम. त्या काळी स्टुडिओचे तास संपत आले होते आणि पुन्हा घ्यायला पैसे नव्हते, म्हणून ते तसंच राहिलं होतं. आता जुन्या फाइलवर बसून मी सुरुवात नऊ सेकंदांवर आणली, खुडबुड काढली, आवाजाची पातळी बाकीच्या गाण्यांच्या पंगतीला बसेल अशी केली. स्वच्छ झालं गाणं. मित्राला ऐकवलं. तो “चांगलंय” म्हणाला आणि फोनमध्ये बघायला लागला.

आता ती दर्शनी जागा. २०१५ च्या जुलैपासून जगभर नवी गाणी शुक्रवारी यायला लागली. आपल्या गाण्याला स्पॉटिफायच्या संपादकांच्या प्लेलिस्टमध्ये जागा मिळावी असं वाटत असेल, तर प्रकाशनाच्या निदान सात दिवस आधी अर्ज टाकावा लागतो, आणि गाण्याबद्दल जे काही सांगायचं ते ५०० अक्षरांत. मी यात तरबेज झालोय. दोन गाण्यांवर मी केलेल्या मेहनतीपेक्षा त्यांच्या पाचशे अक्षरांवर केलेली मेहनत जास्त असेल. जागा अजून मिळालेली नाही. जागेसाठी पैसे घेत नाहीत, हे खरं. पण २०२० पासून एक सोय आहे: रॉयल्टीतला काही भाग सोडून द्या, मग तुमचं गाणं आपोआप वाजणाऱ्या याद्यांत थोडं पुढे सरकवू. सिव्हर्सच्या चौथ्या कलमाचं काय झालं, ते त्याने ठरवावं.

याची दुसरी, काळी बाजारपेठ निराळी. दर दोन-तीन दिवसांनी मला निरोप येतो: तुमचं गाणं ऐकलं, फार भिडलं, अमुक पैशांत पन्नास हजार वेळा वाजवून देतो. भिडलेल्या गाण्याचं नाव त्यात कधीच नसतं. एकदा, कबूल करतो, माझं बोट त्या दुव्यावर बराच वेळ रेंगाळलं होतं. ओळखीतल्या एकाने हा मार्ग धरला. आकडा फुगला, श्रोते सगळे बनावट निघाले आणि सेवेने गाणंच उतरवलं. मोठ्या प्रमाणावर हेच करणाऱ्या एकावर अमेरिकेत २०२४ मध्ये खटला भरला गेला. आरोप असा, की यंत्राकडून ढिगाने गाणी करून घ्यायची, यंत्राकडूनच ती ऐकवायची आणि रॉयल्टी खिशात घालायची. रक्कम एक कोटी डॉलरहून अधिक. गाणारं यंत्र, ऐकणारंही यंत्र. मधल्या गल्ल्यातले पैसे तेवढे माणसांचे.

माझ्या वाट्याला आलेली भानगड लहान होती, पण तिने दोन महिने खाल्ले. एका नव्या गाण्यात मी परवानगीसह मिळणारा एक तयार तालाचा तुकडा वापरला होता. तसे तुकडे हजारो जण वापरतात, त्यात गैर काही नाही. त्यातल्याच कुणीतरी तो तुकडा असलेलं आपलं गाणं व्हिडिओ सेवेच्या आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत नोंदवलं आणि एका सकाळी मला कळवण्यात आलं, की माझ्या गाण्यात दुसऱ्याची मालमत्ता सापडली आहे. मी हरकत घेतली. ती हरकत ज्याने दावा केला त्याच्याकडेच उत्तरासाठी गेली. त्याने तीस दिवस उत्तर दिलं नाही. या सगळ्यात एकाही माणसाशी माझं बोलणं झालं नाही. वितरकाच्या टेबलापलीकडचा तो गृहस्थ उर्मट होता, पण निदान त्याच्याकडे बघून रागावता तरी येत होतं.

आणि एवढं करून गाणं पडतं कुठे, तर २०२३ च्या अखेरीस स्ट्रीमिंग सेवांवर सुमारे १८.४ कोटी ध्वनिमुद्रणं होती. ल्युमिनेट या संगीत-विक्रीची मोजदाद ठेवणाऱ्या कंपनीचा हा आकडा. त्यातली सुमारे ४.५६ कोटी त्या वर्षात एकदाही वाजली नव्हती, आणि ती धरून हजार किंवा त्याहून कमी वेळा वाजलेली १५.८६ कोटी. तो हजाराचा आकडा महत्त्वाचा आहे, कारण २०२४ पासून स्पॉटिफायवर बारा महिन्यांत हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाची रॉयल्टीच मिळत नाही. असे पैसे इतके किरकोळ असतात की ते वाटेतच अडकतात आणि कलाकारापर्यंत पोचत नाहीत, हा त्यांचा युक्तिवाद, आणि तो खोटा नाही. आमच्या खात्यातली रक्कम डिस्ट्रिब्युटरच्या किमान मर्यादेपर्यंत पोचायला तीन वर्षं लागली. तरीही ते वाचून मला ते वीस सीडींचे पैसे आठवलेच. आमच्या चौदा गाण्यांपैकी दोन या हजाराच्या वर आहेत. त्यात तिसरं नाही.

डीझर या फ्रेंच सेवेने २०२५ च्या एप्रिलमध्ये सांगितलं, की त्यांच्याकडे रोज येणाऱ्या गाण्यांपैकी १८ टक्के, म्हणजे वीस हजारांहून जास्त, पूर्णपणे कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेली असतात. यावर मला काही खास म्हणायचं नाही. १८ कोटींत हरवलेल्याला आणखी वीस हजारांचं काय.

मला सतावतो तो नकाशा. कलाकारांसाठीच्या पानावर एक नकाशा असतो, ज्या शहरांत तुमचं गाणं ऐकलं गेलं तिथे ठिपके. मी कधीही न गेलेल्या, कदाचित कधी जाणारही नाही अशा एका शहरात गेल्या हिवाळ्यात कुणीतरी आमचं पाचवं गाणं ४१ वेळा ऐकलं. एकच श्रोता, एकेचाळीस वेळा. दोन आठवड्यांत. मग थांबलं. त्या दोन आठवड्यांत त्या माणसाचं काय चाललं होतं? पाचवं गाणं माझे वडील गेले त्यानंतरचं. वहीच्या काळात हा माणूस टेबलापाशी आला असता, काहीतरी पुटपुटला असता, मीही संकोचून काहीतरी बोललो असतो. इथे त्याचं वय, लिंग, देश मला कळतं, तेही टक्केवारीत. त्याला निरोप धाडायची सोय नाही. सेवेला मात्र तो पुरता माहीत आहे: कधी झोपतो, काय ऐकत पळतो, कुठल्या गाण्याला कंटाळून पुढे जातो.

असं नसलेल्या जागा आहेत, त्यांना न्याय दिला पाहिजे. बँडकॅम्प २००८ पासून आहे. तिथे माणूस गाणं विकत घेतो, सेवा डिजिटल विक्रीवर १५ टक्के ठेवते, आणि घेणाऱ्याची हरकत नसेल तर त्याचा ईमेल कलाकाराला मिळतो. २०२० च्या मार्चमध्ये सगळीकडचे कार्यक्रम बंद पडले तेव्हा त्यांनी काही शुक्रवारी आपला हिस्साही सोडला. पहिल्याच अशा शुक्रवारी आमच्या तीन प्रती गेल्या आणि आम्ही दोघांनी फोनवर अक्षरशः आरडाओरडा केला. पुढे ती कंपनी २०२२ मध्ये एका गेम कंपनीने घेतली, २०२३ मध्ये दुसऱ्या कंपनीला विकली आणि जवळपास निम्मे कर्मचारी घरी गेले. जागा चालू आहे, पण तेव्हापासून महिन्यातून एकदा मी खरेदीदारांची यादी उतरवून ठेवतो. वहीत. हाताने. मित्र हसतो.

त्याने हसू नये. २०१९ मध्ये मायस्पेस या जुन्या सोशल नेटवर्कने जाहीर केलं, की सर्व्हर हलवताना २०१५ पर्यंतच्या बारा वर्षांत लोकांनी चढवलेली गाणी गेली. पाच कोटींहून अधिक गाणी, असं तेव्हा छापून आलं. त्यांतल्या साधारण चार लाख नव्वद हजार गाण्यांच्या प्रती एका अभ्यासगटाने योगायोगाने आधी उतरवून ठेवल्या होत्या, त्या पुढे इंटरनेट आर्काइव्ह या डिजिटल संग्रहालयात आल्या. बाकीची कुणाच्या तरी जुन्या संगणकात असतील किंवा नसतील. त्याच मायस्पेसच्या भरात आर्क्टिक मंकीज या इंग्लिश बँडचं नाव झालं होतं, असं म्हणतात. पण मूळ गोष्ट अशी, की ते कार्यक्रमांनंतर घरी छापलेल्या सीडी लोकांच्या हातात फुकट ठेवायचे आणि त्या घेणाऱ्यांनीच गाणी नेटवर पसरवली. २००६ च्या जानेवारीत त्यांचा पहिला अल्बम आला तेव्हा ब्रिटनमध्ये कुठलाही पहिला अल्बम तोवर इतक्या वेगाने खपला नव्हता. सुरुवात मात्र दाराशी, हातोहात.

तर ती वही सापडली आणि त्या आठवड्यात मी एक उद्योग केला. १६१ नावांपैकी ५८ जणांपुढे ईमेल होते. सगळ्यांना लिहिलं: तुम्ही वीसेक वर्षांपूर्वी आमची सीडी घेतली होती, आठवत असेल-नसेल, ती गाणी आता सगळीकडे ऐकायला मिळतात, हा दुवा. एकतीस पत्रं लगेच परत आली, पत्ते मेलेले. अठरा कुठे गेली कळलं नाही. नऊ उत्तरं आली. एकाने लिहिलं, अभिनंदन, पण मी तो नाही. एकीने लिहिलं, नवऱ्याने घेतली होती, आता आम्ही वेगळे झालो, सीडी त्याच्याकडे गेली, गाणी सापडली हे बरं झालं. सुटे पैसे न दिलेल्याने चक्क माफी मागितली.

आणि ज्याच्यापुढे मी ‘तिसरं गाणं’ लिहिलं होतं, त्याचं उत्तर सगळ्यात शेवटी आलं. दुवा उघडला, म्हणाला. ऐकलं. पण हे ते नाही. सुरुवातीला कुणीतरी खोकतं, मग जरा थांबून गिटार येते, ते कुठे गेलं? माझी सीडी घर बदलताना फुटली. ते खोकल्यावालं कुठे मिळेल का?

खोक्यातल्या २७३ पैकी एक काढली, पुसली, पाकिटात घातली. पाठवण्याआधी जुन्या प्लेअरवर तिसरं गाणं लावून बघितलं. खुडबुड, खोकला, विराम, गिटार. मित्राला फोन केला आणि सांगितलं, की तुझ्या खोकल्याला इतक्या वर्षांनी मागणी आली आहे.

“माझ्या?” तो म्हणाला. “अरे, मी आतल्या खोलीत होतो, ड्रमपाशी. खोकला होतास तू.”